बॅटरीच्या पेटीतला वास्तुपुरुष

हॉर्न थांबत नव्हता. मी बसच्या डॅशबोर्डखाली उताणी पडले होते. तोंडात टेस्टर, नाकात उदबत्तीचा धूर. डोक्याशी गुरुजी उभे होते आणि त्यांच्या हातातल्या निरांजनातलं तूप माझ्या कपाळावर ठिबकत होतं. बसच्या एकुलत्या एक दारात म्हैस अडकली होती. म्हशीच्या मागे जागेचे मालक आण्णा कुऱ्हाड घेऊन उभे होते.

"तोडतो! समद्या वायरी तोडतो!" ते ओरडत होते.

बस गदागदा हलत होती, कारण म्हशीला आत यायचं होतं.

"अहो शेवंताबाई, मेन स्विच बंद करा की!" परचुरे सर माझ्या कानाशी वाकून ओरडले.

मी तोंडातला टेस्टर काढला. "मेन स्विचवर तुम्ही देव बसवलाय," मी म्हणाले.

हे असं का झालं ते सांगते.

मी गाड्यांची वायरिंग करते. दुकान मार्केट यार्डाच्या गेटजवळ, राहायला कसबा पेठेत. शिक्षण चौथी. नवरा ऑटो इलेक्ट्रिशियन होता. तो गेला तेव्हा दुकानासमोर तीन ट्रक उघडे पडलेले होते. ड्रायव्हर भेटायला आले, पण ते रडायला आले नव्हते, दिवे लावून घ्यायला आले होते. मी लावले. तेव्हापासून लावतेच आहे. आता वय एकाहत्तर. ट्रकच्या खाली शिरता येतं, बाहेर यायला वेळ लागतो.

परचुरे सर दुकानात आले ते वही घेऊन. भूगोलाचे शिक्षक, निवृत्त. त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. बाकीचे लोक भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. सरांनी शाळेची भंगारात निघालेली मिनी बस घेतली. इंजिन नव्हतंच. आत पलंग टाकला, ओटा बांधला, पडदे लावले आणि ती वारज्यात आण्णांच्या मोकळ्या जागेत नेऊन उभी केली. नवी बिल्डिंग होईपर्यंत तिथे राहायचं ठरलं.

"मुलगा आहे ना तुम्हाला?" मी विचारलं.

"आहे. तेविसाव्या मजल्यावर," सर म्हणाले. "त्याच्या घरात दिवे टाळी वाजवून लागतात. आमच्या हिने एकदा पापड भाजताना टाळी वाजवली, घरभर अंधार. ती म्हणाली, मी बसमध्ये राहीन, पण इथे नाही."

म्हणजे बस राहिली तर घर. नाही तर टाळ्या.

अडचण आण्णांची होती. आण्णा सरांचे जुने विद्यार्थी. सरांनी त्यांना सातवीत भूगोलात नापास केलं होतं. तरी त्यांनी जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा. पण अट घातली. पूर्वी एकदा त्यांच्या गोठ्याजवळ वायर पेटली होती आणि कडब्याची सगळी गंजी जळली होती. तेव्हापासून आण्णांना वायर दिसली की घाम फुटतो.

"सर, जागा तुमचीच समजा," त्यांनी सांगितलं होतं. "पन माझ्या मीटरवरनं वायर न्हाई. आन् बसमधी एक ठिणगी जरी पडली, तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लावनार आन् बस भंगारात."

सर वही उघडून माझ्यापुढे बसले. त्यात त्यांनी यादी केली होती. ट्यूबलाइट चार, मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा गीझर, टीव्ही.

"वीज कुठून आणणार?" मी विचारलं.

"सूर्यापासून."

"मग इस्त्री कपडे उन्हात घालून करा. तोच सूर्य आहे."

मी यादीवर काट मारली. कारण सोपं आहे. बॅटरी म्हणजे रांजण. छतावरचं सोलर पॅनल म्हणजे नळ. नळ दिवसा येतो, तोही बारीक. रांजणातून पेल्याने पाणी घेतलं तर दोन दिवस पुरतं. त्यात गीझर लावणं म्हणजे रांजणाचं बूड फोडणं. दिवे, पंखा आणि मोबाइलचं चार्जिंग, एवढंच त्या रांजणात बसत होतं.

आणि ते सगळं बारा व्होल्टवर. घरात भिंतीत असतो तो करंट माणूस मारतो. गाडीतला बारा व्होल्टचा हाताला कळतही नाही. पण तो साधा समजू नये. बॅटरीची दोन टोकं लोखंडाने जोडली गेली तर तो लोखंड लाल करतो. म्हणून फ्यूज लावायचा. फ्यूज म्हणजे घरातला सगळ्यात नाजूक माणूस. जरा जास्त झालं की तो पहिला आडवा पडतो आणि बाकीचे वाचतात.

सामान मी ट्रकचंच घेतलं. ट्रकचे एलईडी दिवे यार्डाबाहेर कुठल्याही दुकानात मिळतात, स्वस्त असतात आणि खड्ड्यांनी मरत नाहीत. पलंगाशी केबिनचा दिवा लावला. पंखाही ड्रायव्हरच्या केबिनमधला, बोटभर पात्यांचा. ओट्यावर काय लावावं म्हणून मी नलिनीताईंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, चार दिवे लावून दाखवले. त्या तांदळाचं ताट घेऊन बसल्या. पहिल्या तीन दिव्यांना त्यांनी मान हलवली. चौथ्याला म्हणाल्या, "हा. ह्यात खडा दिसतो. कसला आहे?"

"ट्रक मागे घेताना लागतो तो."

"मग ह्यांच्या डोक्यावर पण एक लावा. ह्यांनाही कधी मागे घेता येईल."

सर वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी ते लिहिलं नसावं.

नवीन वायर कमी लागावी म्हणून मी बसची जुनी वायरिंग वापरली. शाळेच्या बसची वायर चांगली निघाली. गाडीत एक सोय असते. दिव्याला एकच वायर नेतात. करंट त्या वायरीने जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो. पत्रा हीच दुसरी वायर. त्याला आम्ही बॉडी अर्थ म्हणतो. वायर निम्मी वाचते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बॅटरी, फ्यूज आणि मेन स्विच मी मागच्या कोपऱ्यातल्या सीटखाली लोखंडी पेटीत बसवले. पेटीला झाकण. सगळं एका जागी, हाताशी. मला फार बरं वाटलं होतं. तीच माझी चूक.

दुसरी चूक हॉर्नची. जुन्या वायरिंगमध्ये हॉर्नची लाइन होती. तीच लाइन पंख्याला द्यायची ठरवली.

"हॉर्न काढलाय का?" मी सरांना विचारलं.

"काढून भंगारवाल्याला दिला. स्वतः काढला. स्टिअरिंगचं चाकही काढलं. तिथे आता हिचा देव्हारा."

शिक्षक माणूस. मी विश्वास ठेवला. ट्रक ड्रायव्हरवर नसता ठेवला.

मग वास्तुशांत आली. माझ्या डोक्यात काही ती आली नव्हती. बसची कुणी वास्तुशांत करतं का? दसऱ्याला हार घालतात, टायरखाली लिंबू ठेवतात, झालं. पण नलिनीताईंचं म्हणणं स्पष्ट होतं. जिथे माणूस निजतो आणि भात शिजतो ते घर. घराची वास्तुशांत होते. गुरुजी मिळायला वेळ लागला. दोघांना वाटलं बसने यायचंय, त्यांनी फोनवर बसचा नंबर विचारला. तिसरे आले.

मला जेवायला बोलावलं होतं. आण्णांनाही. आण्णा त्या दिवशी बस तपासणार होते. ठिणगी दिसली नाही तर नवी बिल्डिंग होईपर्यंत बस राहील, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मी पोचले तेव्हा बाहेर चिंचेखाली विटांच्या कुंडात होम पेटला होता. आण्णा शेजारी खुर्ची टाकून आरामात बसले होते.

"आण्णा, एवढा जाळ चालतो तुम्हाला?" मी विचारलं.

"त्यो देवाचा हाय, मावशी. वायर मान्साची हाय."

मी पदर जाळापासून सावरून बसले.

होम झाल्यावर आरतीसाठी सगळे आत गेलो. आण्णा दाराबाहेर थांबले. वायरीच्या घरात ते पाय ठेवत नाहीत. पुढे ड्रायव्हरच्या जागी देव्हारा मांडला होता. वर पितळी लामणदिवा टांगला होता, नलिनीताईंच्या माहेरचा. साखळी लांब होती म्हणून सरांनी तिचा एक वेढा स्टिअरिंगच्या रिकाम्या नळीला दिला होता. व्यवस्थित. सर सगळं व्यवस्थित करतात.

नलिनीताईंनी माझा पंखा चालू केला. गुरुजींना उकडत होतं. मग त्यांनी लामणदिव्यात काठोकाठ तेल घातलं. दिवा जड झाला, साखळी ताणली गेली.

आणि हॉर्न सुरू झाला.

शाळेच्या बसचा हॉर्न कसा असतो तुम्हाला माहीत आहे. मूल तिसऱ्या मजल्यावर दूध पीत असलं तरी खाली यायला हवं, एवढा. आणि आम्ही पत्र्याच्या डब्यात, त्याच्यापासून पाच हातांवर, तो न थांबता. गुरुजींनी आधी आवाज चढवला. जमत नाही म्हटल्यावर मंत्र थांबवला.

त्यात म्हैस आली. आण्णांची म्हैस, रंगी. ती घाबरून आली नव्हती. पेंडेचा टेम्पो रोज गेटवर येऊन असाच हॉर्न मारतो. तिने खुंटा उपटला आणि थेट पेंडेला आली. डोकं दारातून आत गेलं, शिंगं अडकली. ना आत, ना बाहेर. आण्णांनी शेपूट धरून ओढलं. मग शेपूट सोडून कुऱ्हाड आणली.

"तोडू नका!" मी ओरडले. "चालू वायरीवर कुऱ्हाड घातली तर तुम्हीच ठिणगी पाडाल!"

आण्णांची कुऱ्हाड वरच राहिली.

आता फ्यूज का उडाला नाही, असं कुणी विचारेल. हॉर्न वाजणं हा फ्यूजच्या मते बिघाड नाही. हॉर्नने वाजायचंच असतं. तेवढा करंट तो जाऊ देतो. पंखा बंद करूनही तो थांबला नव्हता, म्हणून मेन स्विच बंद करणं हा एकच उपाय होता. पेटीवरचं कुंकू मी आत शिरतानाच पाहिलं होतं, वाटलं होतं वर नुसता देव मांडलाय. मी डॅशबोर्डखालून निघून मागच्या पेटीशी गेले, आणि बघते तर झाकण आठ स्क्रूंनी बंद. वरून सगळीकडून, रंगाआधी फटीत भरतात ती लांबी भरून, पांढरा रंग मारून, कुंकवाचं स्वस्तिक.

"हे काय?"

सरांनी सांगितलं. ओरडूनच. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी मूर्ती घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. सरांनी होकायंत्र लावून आग्नेय कोपरा काढला. तो नेमका माझ्या पेटीवर आला. बसमध्ये जमीन नाही, खड्डा नाही. पेटी तयारच होती. मूर्ती पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"स्क्रू काढा," मी म्हणाले.

"छे!" गुरुजी मध्ये आले. "वास्तुपुरुष एकदा पुरला की उकरायचा नसतो!"

"गुरुजी, मला ऐकू येत नाही!"

"उकरायचा नसतो!"

"हॉर्नमुळे ऐकू येत नाही! हॉर्न बंद करते, मग सांगा!"

सरांनी बोट वर केलं. वर्गात करतात तसं. "गुरुजी, मुद्दा असा आहे की पुरणे म्हणजे मातीत घालणे. इथे माती नाही. तेव्हा हा पुरला असं म्हणता येईल काय?"

"शास्त्रात भावना पाहतात, सर!"

"पण मग शास्त्रात बॅटरीचा उल्लेख..."

म्हशीने ढुशी दिली. बस एका बाजूला कलली. ओट्यावरची पातेली खाली आली. पेटीच्या आत काहीतरी धातूचं घसरल्याचा आवाज आला. हॉर्नच्या गोंगाटात तो मला कसा ऐकू आला माहीत नाही. चाळीस वर्षं कान त्याच कामाला लावलेत.

"मूर्ती कशाची आहे?" मी विचारलं.

"चांदीची," नलिनीताई म्हणाल्या. "तांब्याच्या ताटलीत ठेवलीये."

तांबं. लोखंडी पेटीत. उघड्या बॅटरीवर.

"टोकांवरची रबराची टोपणं होती ना?"

"ती काळी होती," सर म्हणाले. "शुभकार्याला नको म्हणून काढली."

मी त्यांच्याकडे बघितलं. मी शिव्या दिल्या नाहीत, देवाचं काम चालू होतं म्हणून. नलिनीताईंनी मात्र माझा चेहरा वाचला. त्या सरांच्या आणि गुरुजींच्या मधून पुढे आल्या.

"तो पुरलेला नाही," त्या म्हणाल्या. "ठेवलेला आहे. माझं घर आहे, मी सांगते. उघडा तुम्ही."

लांबी ओली होती, तेवढं नशीब. आठ स्क्रू काढले. सहाव्याला म्हशीने पुन्हा ढुशी दिली. झाकण उचललं तर ताटलीचा एक काठ बॅटरीच्या प्लसच्या नटावर टेकला होता. दुसरा काठ पेटीच्या भिंतीपासून बोटभर लांब. पेटी बसच्या पत्र्याला जोडलेली. म्हणजे ताटली भिंतीला लागती तर प्लस थेट बॉडी अर्थला. त्या वाटेत एकही फ्यूज नव्हता. तांबं लाल झालं असतं. वर पडदे होते, गादी होती, आणि लामणदिव्यातलं सगळं तेल पुढे तयार होतं.

मी ताटली उचलली. दहीभात, सप्तधान्य, फुलं सगळं माझ्या हातावर. डाव्या हाताने मेन स्विच खाली केला.

हॉर्न थांबला.

रंगीने थोडा वेळ वाट पाहिली. पेंड काही आली नाही. मग तिने मान वाकडी केली, शिंगं सोडवली आणि निघून गेली. म्हणजे तिला पहिल्यापासून जमत होतं.

आण्णा दारात आले. कुऱ्हाड हातात. "काय होतं त्यात?"

लपवता आलं असतं. सर माझ्याकडे तसं बघतही होते. पण वायरिंगमध्ये लपवलेली गोष्ट एक दिवस धूर होऊन बाहेर येते.

"आण्णा, आणखी एक धक्का बसता तर ठिणगी पडली असती," मी सांगितलं. "पडली नाही. पण पडली असती. हॉर्न वाजला नसता तर पेटी कुणी उघडली नसती आणि रात्री-बेरात्री केव्हातरी तुमची म्हैस बसला अंग घासायला आली असती."

आण्णांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली. मग म्हणाले, "सर, मी शब्द दिला हुता. उद्या सकाळी ट्रॅक्टर लावतो."

"पण ठिणगी पडलेली नाही," सर म्हणाले.

"सर, काठावर पास तुमी मला तरी केलं हुतं का?"

सर पलंगावर बसले आणि वही मिटली. ती वही मी मिटलेली पहिल्यांदाच बघितली.

मी आपली दोष शोधायला पुढे गेले. काम अर्धं टाकून जेवायला बसता येत नाही. स्टिअरिंगच्या नळीत हॉर्नच्या बटणाची वायर अजून होती, सरांनी पकडीने नीट कापलेली, टोक उघडं. हॉर्न त्या वायरीला पत्रा लागला की वाजतो. बटण दाबल्यावर आत तेवढंच होतं. लामणदिव्याची ताणलेली साखळी त्या टोकावर बसली होती. आणि हॉर्न? जाळीमागे होता, बंपरपाशी. सरांनी छतावरचा मोठा भोंगा काढला होता. बसला दोन असतात.

मागे वळले तर नलिनीताई आण्णांशी बोलत होत्या. आवाज अगदी गोड. मी सावध झाले.

"आण्णा, बस न्या उद्या. तुमचं बरोबर आहे. पण ही मूर्ती अशी उघड्यावर ठेवता येत नाही हो. आता ह्या पेटीत काही परत ठेवायची नाही. गुरुजी, खाली मातीत ठेवली तर चालेल ना?"

"मातीतच तर ठेवायची असते!" गुरुजी खूश झाले. "हाच मूळ विधी!"

"तुमच्या हातात कुऱ्हाड आहेच, आण्णा. कुदळही असेल. तुम्हीच खड्डा घ्याल का? तुमची जमीन, तुमचा मान."

मान म्हटल्यावर आण्णा विरघळले. कुदळ आणली. सरांनी पुन्हा होकायंत्र लावलं. मागच्या चाकाशेजारी, बरोबर आग्नेयेला, आण्णांनी वीतभर खोल खड्डा घेतला. मूर्ती पालथी ठेवली, दहीभात, धान्य. आण्णांनी स्वतःच्या हातांनी माती लोटली, वर दगड ठेवला, नमस्कार केला.

"आता झालं," गुरुजी म्हणाले. "वास्तू स्थिर झाली. आता हा उकरायचा नाही."

"न्हाई, न्हाई," आण्णा म्हणाले.

"आणि वास्तुपुरुषाच्या डोक्यावरचं घर हलवायचं नाही. निदान वास्तू आपणहून पडेपर्यंत तरी."

आण्णांचा हात माती पुसायला उपरण्यावर फिरत होता. तो थांबला. त्यांनी दगडाकडे बघितलं. बसकडे बघितलं. मग नलिनीताईंकडे.

"म्हंजी बस..."

"चहा घेता ना, आण्णा?" नलिनीताई म्हणाल्या. "आलं घालून?"

आण्णा चिंचेखाली बसले. मग एकदाच हसले, नाकातून. "सर," त्यांनी हाक मारली, "भूगोल तुमी शिकवायला नको हुता. बाईंनी शिकवायला हवा हुता."

बस तिथेच आहे. मी मेन स्विच पेटीतून काढून बाहेर दाराशी लावला, खांद्याच्या उंचीवर, उभ्या पट्टीवर, जिथे मूर्ती ठेवायला सपाट जागाच नाही. बॅटरीपासून वीतभरावर एक मोठा फ्यूज घातला. पेटीच्या आत रबर चिकटवलं. टोपणं परत बसवली, लाल रंगाची, म्हणजे शुभकार्याला चालतील. हॉर्न काढून आण्णांना दिला. ते संध्याकाळी तो वाजवतात आणि रंगी शेतातून आपली आपण घरी येते.

धडा एवढाच. गिऱ्हाईक म्हणालं "काढलंय", तरी आपण हात लावून बघायचं. आणि मेन स्विच अशा जागी बसवायचा नाही जिथे देव बसवता येईल. पुण्यात अशा जागा फार आहेत.

त्या दिवशी बसमध्ये आणि बसच्या दारात परचुरे सर, नलिनीताई, गुरुजी, आण्णा, रंगी म्हैस आणि मी, असे सहा जण होतो. सहाही जण जिवंत आहोत.